दोन खोल्या, सासऱ्यांची दुनळी आणि मुलीची एअर रायफल

ताई, तुमचा प्रश्न मला असा समजला: ग्वाल्हेरच्या लष्कर भागात जुन्या वाड्यात दोन खोल्या आणि एक चिंचोळी पडवी. सासरे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, त्यांच्या नावावर परवाना आणि एक बाराबोअर दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक. सोळा वर्षांची मुलगी दहा मीटर एअर रायफल खेळते. तिचं जॅकेट, पँट, बूट, रायफलच्या हवेचं सिलिंडर, छर्ऱ्यांचे डबे, पेटी. धाकटा सहा वर्षांचा. आणि हे सगळं सध्या दिवाणाच्या पोटात, गाद्यांखाली. तुम्ही विचारलंत, ‘नीट लावायचं तर कुठलं कपाट घेऊ?’

कपाट शेवटी घेऊ. मी बावीस वर्षं आर्मररची, म्हणजे हत्यारांची देखभाल-दुरुस्ती करणाऱ्याची, नोकरी केली, त्यातली बरीचशी कोतात गेली. फौजेत हत्यारांच्या खोलीला कोत म्हणतात. तिथे एक सवय हाडात मुरते: वस्तू घ्यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्याच वेळात ती परत जागेवर गेली पाहिजे. घरात बंदूक दिवाणात का जाते? तर जागा नाही म्हणून नव्हे, तर बाकी कुठे ठेवायची हे कुणी ठरवलेलंच नसतं म्हणून. मग एकदा बाहेर काढायची तर दोन गाद्या, चार गोधड्या आणि पाहुण्यांच्या उश्या उचला. परत ठेवताना कंटाळा येतो, ‘रात्री ठेवू’ म्हणून ती कोपऱ्यात उभी राहते, आणि तुमच्याकडे सहा वर्षांचा मुलगा आहे.

म्हणून आधी एक रविवार काढा. सासऱ्यांना समोर बसवा, दुनळी त्यांनाच काढू द्या. पहिलं काम: ती मोडायची (उघडायची हो, तोडायची नव्हे), दोन्ही नळ्यांतून उजेड आरपार दिसतो का ते बघायचं, आणि दिसल्यावरच खाली ठेवायची. त्यांनी पन्नास वर्षं वापरली असली तरी बघायचं. मग बाकी सगळं चादरीवर मांडा.

तुम्हाला नवल वाटेल, पण निम्मा पसारा तिथेच संपेल. अशा घरांत मला हमखास सापडणाऱ्या वस्तू सांगतो: खोबरेलाची किंवा सरसोंच्या तेलाची एक चिकट बाटली, चामड्याची एक फाटकी गवसणी, रिकाम्या पुंगळ्यांची (उडवलेल्या काडतुसांच्या कवचांची) पिशवी, कुजलेली चिंदी, आणि कुठल्याशा जुन्या डब्यात फुगलेली पाचसहा काडतुसं. तेलाची बाटली फेका. सरसोंचं तेल कालांतराने सुकून डिंकासारखं होतं, खोबरेल थंडीत थिजतं, आणि कळ अडकते. शिलाई मशीनचं पातळ तेल त्याहून शंभरपट चांगलं. पुंगळ्या पोरांना खेळायला देऊ नका. आज रिकामी पुंगळी हातात आली की उद्या भरलेली ओळखता येत नाही. फुगलेली काडतुसं मात्र कचऱ्यात नको, चुलीत तर नकोच, आणि ‘एकदा उडवून बघू’ हेही नको. सासऱ्यांनी परवाना घेऊन अधिकृत शस्त्रविक्रेत्याकडे जावं, तो नोंद करून काय करायचं ते सांगेल.

गवसणीबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण ग्वाल्हेरात तिच्याबद्दल फार माया असते. या गावात तानपुऱ्याला गवसणी घालतात म्हणून बंदुकीलाही घालतात. तानपुरा भोपळ्याचा आणि लाकडाचा, त्याला धुळीपासून वाचवायचं असतं. बंदूक पोलादाची, तिला ओलीपासून वाचवायचं असतं. चामडं ओल धरून ठेवतं, शिवाय ते कमावताना वापरलेल्या पदार्थांचा अंश त्यात राहतो. दसऱ्याला घातलेली गवसणी होळीला काढली की आतली नळी बघवत नाही. गवसणी फक्त ने-आण करण्यापुरती. फोम लावलेल्या पेटीचंही तेच.

दसऱ्यावरून आठवलं. खंडेनवमीला शस्त्रपूजा आपल्याकडे सगळेच करतात, मीही करतो. पण ओलं हळदीकुंकू नळीवर किंवा कळीजवळ लावलं आणि फुलं वाहून तसंच रात्रभर ठेवलं, की दुसऱ्या दिवशी टिळ्याखाली गंज सुरू. माझ्याच घरच्या दुनळीवर डाव्या नळीला तांदळाएवढे तीन खड्डे आहेत, आईच्या तीन बोटांचे. ते आता जायचे नाहीत. तेव्हापासून आमच्याकडे टिळा पेटीला लावतात.

आता दुनळीची जागा. उभी बंदूक साधारण पंचेचाळीस-शेहेचाळीस इंच भरते, म्हणून लोक पाच फुटी कपाट शोधतात आणि ते दोन खोल्यांत मावत नाही. पण दुनळी सुटी होते! पुढचा लाकडी तुकडा काढला, कळ दाबून मोडली, की नळ्या वेगळ्या आणि दस्ता (खांद्याला लावायचा लाकडी भाग) वेगळा. तुकडा पुन्हा नळ्यांना बसवून ठेवायचा. नळ्या बहुधा अठ्ठावीस किंवा तीस इंच. टेप लावून मोजा. म्हणजे आतून चौतीस इंच उंच, नऊ इंच रुंद, सात इंच खोल अशी पेटी पुरते. देवघराच्या कोनाड्याएवढी! लोहिया बाजारात कुणीही पत्र्याचं काम करणारा बनवून देईल. पत्रा दीड-दोन मिलिमीटरचा हवा, बिजागऱ्या आतल्या बाजूला, कुलूप बाहेर लोंबणारं नको, दारातच बसवलेलं हवं. आठ बंदुकांचं भपकेदार कपाट दाखवतील, ते घेऊ नका. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला तशाही तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात.

सुट्या बंदुकीचा आणखी एक फायदा आहे, आणि माझ्या मते तो जागेपेक्षा मोठा. कुणी पेटी फोडलीच, किंवा तुमचा धाकटा नको त्या वेळी तिथे पोचलाच, तर त्याच्या हाती बंदूक लागत नाही, एक नळी आणि एक लाकूड लागतं.

पेटी भिंतीला जखडायची. वाड्याच्या भिंती दगडाच्या आणि जाड, हे तुमचं भाग्य. पण फास्टनरचं भोक दगडातच पडलं पाहिजे, चुन्याच्या जोडात पडलं तर दोन महिन्यांत पेटी हातात येईल. मधे कुणी अर्ध्या विटेची भिंत घालून खोली पाडलेली असेल तर तिच्यावर टांगू नका. पेटी आणि भिंत यांच्यात लाकडाच्या दोन पट्ट्या ठेवा, पावसाळ्यात दगडाला ओल सुटते ती पत्र्याला लागायला नको. आत नमदा (दाबलेल्या लोकरीचं जाड कापड) किंवा गोणपाट लावू नका, दोन्ही पाणी पितात. जुन्या योगा मॅटचे तुकडे कापून तळाला टाका. नळ्या तोंड खाली करून उभ्या ठेवा, दस्ताही लोखंडी भाग खाली आणि लाकूड वर असा. उलटं ठेवलं की तेल हळूहळू लाकडात झिरपतं, लाकूड काळं आणि मऊ पडतं, मग सांधा हलायला लागतो.

कुठली भिंत? इथे बहुतेक लोक चुकतात, मीही चुकलो होतो. आपण गंजाचा दोष पावसाळ्याला देतो. पण ग्वाल्हेरात एप्रिल ते जून घरात काय चालतं? कूलर. बाहेर लू, कोरडी ठणठणीत, आणि आत रात्रभर ओला वारा. एका घरी जूनमध्ये बोलावलं होतं. दुनळीची उजवी नळी स्वच्छ आणि डावीवर तपकिरी भुरा. तेलाला शिव्या घालून झाल्या, नोकराला घालून झाल्या. मी पेटीसमोर उभा राहिलो तर गालावर गार हवा आली. पेटीच्या दाराची फट बरोबर कूलरच्या समोर. पेटी तीन हात सरकवली, प्रश्न मिटला. तेव्हा कूलरची धार जिकडे जाते ती भिंत सोडा, न्हाणीघराची भिंत सोडा, आणि गॅसशेगडीच्या मागची सोडा. उरेल ती तुमची.

पेटीत दीडशे-दोनशे ग्रॅम सिलिका जेल कापडी पुरचुंडीत टांगा. निळं घेतलंत तर ओल प्यायल्यावर ते गुलाबी होतं. मग मंद आचेवर परतून पुन्हा निळं करता येतं. मात्र त्यासाठी एक जुना तवा कायमचा वेगळा काढा, त्या निळ्या रंगातलं कोबाल्ट पोटात जाण्यासारखं नाही. जुलै ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी, एरवी महिन्यातून एकदा, सासऱ्यांनी पेटी उघडायची, कोरड्या चिंदीने बोटांचे ठसे पुसायचे, तेलाच्या चिंदीने एक हात फिरवायचा. घामेजलेल्या हाताचा ठसा पाण्याच्या थेंबाइतकाच वाईट. तेल चकाकेल एवढंच हवं, ओघळेल एवढं नको. डिसेंबर-जानेवारीत धुक्याच्या सकाळी बंदूक बाहेरून आणली, तर लगेच पेटीत कोंबू नका. थंड पोलादावर उबदार खोलीत दव धरतं. अर्धा तास नजरेसमोर राहू द्या, पुसा, मग ठेवा.

काडतुसं दुसऱ्या खोलीत. त्याच पेटीच्या वरच्या कप्प्यात नव्हे, दुसऱ्या खोलीत, वेगळ्या कुलपात. दुकानदार गल्ल्यासाठी वापरतात तसली छोटी लोखंडी पेटी पुरते, ती कपाटाच्या तळाला स्क्रूने आवळा. डबे खरेदीच्या तारखेप्रमाणे लावा, जुने पुढे. खडकीच्या कारखान्यातली शक्तिमान छापाची काडतुसं असतील तर ती मूळ डब्यातच राहू द्या, सुटी करून बरणीत ओतू नका. डब्यावरचा छर्ऱ्याचा नंबर आणि तुकडीचा (बॅचचा) आकडा पुढे कामाला येतो. तेलाची बाटली त्या पेटीत अजिबात नको. तेल काडतुसाच्या टोपीत (बुडाच्या ठिणगी पाडणाऱ्या भागात) शिरलं की ते ऐन वेळी उडत नाही, किंवा उशिरा उडतं, आणि दुसरं पहिल्यापेक्षा वाईट. परवान्यावर एका वेळी किती बाळगता येतील तो आकडा लिहिलेला असतो, पेटीच्या झाकणाच्या आत कागद चिकटवून तो आणि शिल्लक लिहीत चला.

किल्ली. परवाना सासऱ्यांचा, म्हणजे ताबा त्यांचा आणि किल्लीही त्यांचीच. आमच्या आजोबांनी ट्रंकेची किल्ली आयुष्यभर जानव्याला बांधली, आंघोळीलाही ती सुटत नसे. आज तसं कुणाला सांगणं अवघड, पण खिळ्यावर, देव्हाऱ्यामागे, तांदळाच्या डब्यात, घड्याळाच्या पाठीशी, या चारही जागा तुमच्या धाकट्याला आत्ताच ठाऊक आहेत. पैज लावतो. दोन पेट्या, दोन किल्ल्या, आणि त्या एका जुडग्यात नकोत. विसरभोळेपणा सुरू झाला असेल तर आकड्यांचं कुलूप बरं, पण आकडा जन्मतारीख नको.

इथेच सासऱ्यांच्या वयाचं बोलून घेतो, कारण तुम्ही विचारलेलं नाही पण विचारायला हवं होतं. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारक सत्तरीचा झाला, किंवा त्याच्याकडे बंदूक पंचवीस वर्षं असली, तर तो हयात असतानाच वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. तुमच्याकडे वयाची अट केव्हाच पूर्ण झालीय. तुमच्या यजमानांना बंदूक ठेवायची इच्छा असेल तर आत्ताच अर्ज करा. नसेल तर तेही आत्ताच ठरवा. लोक हे टाळतात, घरात अशुभ बोलल्यासारखं वाटतं. मग तेराव्यानंतर कुणीतरी विचारतं, आणि विनापरवाना बंदूक घरात पडून असल्याचं लक्षात येतं. मृत्यूनंतर वारसांनी ती विनाविलंब ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करायची असते.

जमा करण्याबद्दल एक. निवडणुका आल्या की आपल्या भागात परवान्याच्या बंदुका जमा करायचा हुकूम निघतो. एका वर्षी मी घाईत दुनळी कोरडीच दिली, तेलाचा हात न फिरवता. परत आली तेव्हा नळीच्या आत माझ्याच आळसाचा हिशेब लिहिलेला होता. आता देण्याआधी आतून-बाहेरून नेहमीपेक्षा जाड तेल लावतो, चारही बाजूंनी फोटो काढतो, नंबर दिसेल असा एक, आणि पावती परवान्याच्या पुस्तकातच ठेवतो.

आता मुलीचं सामान. साडेचार मिलिमीटरची, वीस ज्यूलच्या आतल्या ताकदीची एअर रायफल असेल तर परवाना लागत नाही, आणि दहा मीटरच्या स्पर्धेच्या रायफली त्या मर्यादेच्या बऱ्याच खाली असतात. म्हणून घरचे तिला ‘खेळण्यातली’ म्हणतात. तिचा छर्रा डोळा फोडू शकतो, तेव्हा तीही कुलपातच. पण तिची अडचण वेगळी आहे: रायफल सुटी करून ठेवण्यासारखी नाही आणि साडेतीन फुटांच्या वर आहे. खरं सांगायचं तर जागा रायफल खात नाही, जॅकेट खातं. शूटिंगचं जॅकेट म्हणजे कॅनव्हास आणि चामड्याचं चिलखत. घडी घातलीत की घडीची रेघ कायमची पडते, आणि पाठीचा आधार नेमका तिथेच तुटतो. दिवाणात घडी घालून ठेवलंय असं तुम्ही लिहिलंत ते वाचून मला दुनळीपेक्षा जास्त वाईट वाटलं, कारण दुनळी पुसता येते.

तुमच्याकडे गोदरेजचं जुनं कपाट आहे म्हणता. त्यातली साड्या टांगायची बाजू तिला द्या. (साड्यांचं काय, हे विचारू नका, मी आर्मरर आहे.) रुंद खांद्यांचा लाकडी हँगर, त्यावर जॅकेट, बटणं न लावता. पँट त्याच दांड्यावर, कमरेच्या बाजूने चिमट्याला. बूट तळाला, सपाट. ते घालून जिना चढायचा नाही, तळवा वाकतो. रायफल डाव्या कोपऱ्यात उभी, खाली योगा मॅटचा तुकडा, वर नळीला कपड्याच्या पट्ट्याची सैल कडी, म्हणजे दार उघडताना घसरणार नाही. नळीत केशरी सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची खूण) कायम. सरावाहून आल्यावर जॅकेट लगेच आत नाही टांगायचं, आधी पंख्याखाली, सावलीत, घाम सुकेपर्यंत. उन्हात टाकलंत तर चामडं पापड होतं. धुवायचं तर नाहीच.

सिलिंडरला दोनशे बार दाब असतो, आणि मे महिन्यात आपल्या माळ्यावर अंड्याचं ऑम्लेट होतं. माळा नको, खिडकीची कड नको, स्कूटरच्या डिकीत दुपारभर तर नकोच. मी तो रायफलवरून उतरवून वेगळ्या कप्प्यात ठेवायला सांगतो: मुलगा रायफलपर्यंत पोचला तरी तिच्यात हवा नाही. जोडाच्या आट्यांना साधं तेल किंवा ग्रीस लावू नका, जास्त दाबाच्या हवेत ते पेट घेऊ शकतं; फार तर सिलिकॉन ग्रीस, तेही नखाएवढं. सिलिंडरवर तारीख कोरलेली असते, त्याचं आयुष्य दहा वर्षांचं. जुना घेतला असेल तर आज बघा, नाहीतर स्पर्धेच्या दारात अडवतील.

छर्रे शिशाचे. एका घरी पाचशेचा डबा सांडला म्हणून पोराने ते मोहरीच्या रिकाम्या डब्यात भरले आणि डबा फळीवर मूळ जागी ठेवला. फोडणीच्या वेळी आजींच्या बोटांना मोहरी जड लागली म्हणून निभावलं. छर्रे मूळ डब्यात, डबा प्लॅस्टिकच्या झाकणाच्या खोक्यात, खोकं कपाटात, स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही. सरावानंतर साबणाने हात, मग पोळी. जमिनीवर पडलेला छर्रा उचलून पुन्हा वापरू नये, त्याची कड दबलेली असते. ड्राय (छर्ऱ्याविना) सरावासाठी पडवी छान आहे: समोरच्या भिंतीवर काळा ठिपका, वर दिवा. नियम एवढाच, सराव चालू असताना छर्ऱ्यांचा डबा त्या खोलीत नसावा. ‘एकच मारते’ हा शब्द पडवीत निघता कामा नये.

बारीकसारीक सामान, म्हणजे फुलथ्रू (नळीतून चिंदी ओढायची दोरी), गज, ब्रश, चिंदी, पेचकस, डमी काडतुसं, ब्लाइंडर (नेम न धरणाऱ्या डोळ्यापुढची पट्टी), चष्मा, यांना एक पत्र्याची शिलाईच्या डब्यासारखी पेटी बास. दुनळीचं आणि एअर रायफलचं सामान मिसळू नका. दुनळीसारखा तांब्याच्या तारांचा ब्रश एअर रायफलच्या नळीत घातला तर नळीचं वाटोळं. ती नळी साफ करायला फेल्टच्या गोळ्या. कागद, म्हणजे परवाना, रायफलचं बिल, संघटनेचं ओळखपत्र, पावत्या, एका फायलीत. परवाना आता पाच वर्षांचा असतो, पाच वर्षं फार पटकन जातात; संपायच्या तीन महिने आधीची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहा, आणि पुढच्या जानेवारीत ती नव्या कालनिर्णयावर उतरवा.

राहिला धाकटा. त्याच्यापासून लपवू नका, लपवलेली वस्तू शोधणं हा त्या वयाचा धंदाच असतो. एकदा आजोबांनी स्वतः पेटी उघडावी, सुटी नळी त्याला दाखवावी, वजन कळू द्यावं, आणि तीन गोष्टी सांगाव्या: कुठेही बंदूक दिसली तर हात लावायचा नाही, तिथून निघायचं, मोठ्याला सांगायचं. ‘पण ती खोटी असेल तर?’ हे तो विचारेलच. तरीही तेच. महिन्याभराने पुन्हा विचारा, त्याला उत्तर येतं का बघा.

दिवाण रिकामा झाला की आत पाहुण्यांच्या गाद्या ठेवा. आणि भिंतीचं माप घेताना पेटीच्या दाराला उघडायला जागा सोडा; माझ्या पहिल्या पेटीचं दार पंख्याच्या बटणाला अडत होतं, नऊ वर्षं मी ते अर्धंच उघडत होतो.